एकशिंग्याची शिकार आणि तिच्यातली कुत्री: पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

न्यूजर्सीत राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात आमच्याकडे देशातून कोणी ना कोणी येतं. लिबर्टीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर, नायगारा असं सगळं उरकलं की मी त्यांना क्लॉइस्टर्सला नेतो. मॅनहॅटनच्या पार वरच्या टोकाला, फोर्ट ट्रायन पार्कातल्या टेकडीवर मेट, म्हणजे मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाची ही शाखा आहे. तिथल्या एका खोलीत साधारण १४९५ ते १५०५ या काळातल्या सात टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतभर चित्रांची कापडं, टांगल्या आहेत. त्यांचा विषय एकशिंग्याची, म्हणजे युनिकॉर्नची शिकार.

पाहुणे बदलतात, प्रश्न तेच राहतात. म्हटलं एकदा लिहूनच काढावेत. उत्तरं मी जशी तोंडी देतो तशीच दिली आहेत, त्यामुळे कुत्र्यांचा विषय निघाला की जरा लांबतील.

युनिकॉर्न म्हणजे ती शंभर कोटी डॉलरवाली कंपनी ना?

भाच्याचा पहिला प्रश्न हाच होता. नाही. हा मूळचा: पांढरा, घोड्याच्या अंगाचा, बोकडासारखी दाढी, दुभंगलेले खूर आणि कपाळावर पीळ पडलेलं एकच लांब शिंग. कंपन्यांना नाव मिळालं ते हा सापडत नाही म्हणून.

हे रंगवलंय की भरलंय?

दोन्ही नाही, विणलंय. कापड आधी आणि चित्र मागाहून, असा प्रकार इथे नाही. दोन्ही एकदमच मागावरून उतरतात. समजावून सांगायला मला पैठणीचा पदर फार सोयीचा पडतो. साध्या कापडात आडवा धागा नेणारा धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जातो आणि परत येतो. पदरावरच्या मोराला मात्र प्रत्येक रंगाची वेगळी कांडी लागते. हिरवा धागा मोराच्या अंगापुरताच जातो आणि तिथूनच मागे फिरतो. शेजारी दुसरा रंग आपल्या हद्दीत खेळत असतो. टॅपेस्ट्रीचं तंत्र मुळात हेच, फक्त बारा फूट उंचीच्या भिंतीएवढं आणि बहुतांश लोकरीत.

फरक आहेत. पैठणी विणणारा शेजारच्या दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवून पुढे जातो. युरोपातले विणकर बरेचदा तिथे बारीक फट राहू देत आणि नंतर ती शिवून टाकत. दुसरं म्हणजे इथे ताणा, म्हणजे मागावर आधी ताणलेले उभे धागे, पूर्ण झाकला जातो. रंग दिसतो तो सगळा बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्यांचा. तिसरी गोष्ट कळली तेव्हा मला गंमत वाटली. ही चित्रं मागावर आडवी विणलेली आहेत, म्हणजे विणकराच्या समोर कुत्रा नाकावर उभा असल्यासारखा दिसत असणार. काम संपल्यावर कापड फिरवून टांगायचं. जवळ जाऊन बघा, सगळीकडे आडवे बारीक कंगोरे दिसतील. तो आत लपलेला ताणा.

फ्रान्समधल्या बायोच्या प्रसिद्ध लांबलचक पट्ट्यालाही टॅपेस्ट्री म्हणतात, पण ते मुळात तागाच्या कापडावर लोकरीने केलेलं भरतकाम आहे. नाव चुकीचं पडलं ते पडलंच.

सात चित्रांत मिळून गोष्ट काय आहे?

पहिल्या चित्रात शिकारी रानात शिरतात. उंची कपडे घातलेले सरदार, त्यांच्यापुढे साखळदोरीला कुत्री धरलेले नोकर आणि मागे हजार फुलांची हिरवी-काळी जमीन. उजवीकडे वरच्या झाडीत एक माणूस हात करून खुणावतो आहे: आहे, इकडेच आहे.

दुसऱ्यात एकशिंगी सापडतो. कारंज्यातून वाहून आलेल्या पाण्यात त्याने गुडघे टेकून शिंग बुडवलंय. समजूत अशी की साप पाण्यात विष टाकतो आणि याच्या शिंगाने ते उतरतं. सिंह, बिबळ्या, तरस, सांबरासारखं हरीण असे बाकीचे प्राणी पाणी शुद्ध होण्याची वाट बघत बसलेत. कारंज्याच्या कठड्यावर पक्षी आहेत आणि त्यातल्या एका फेझंटचं प्रतिबिंब पाण्यात पडलंय. लोकरीत आणि रेशमात प्रतिबिंब! मागे बारा शिकारी उभे आहेत, गप्पा मारतायत, कोणी हल्ला करत नाही. शिकारीचा नियमच तसा होता: जनावर पळायला लागल्याशिवाय त्याच्यावर कुत्री सोडायची नाहीत.

तिसऱ्यात ते पळतं. ओढा ओलांडताना चहूबाजूंनी भाले येतात. चौथं चित्र सगळ्यांत भयंकर. एकशिंगी कोंडीत सापडलाय, मागच्या लाथा एका शिकाऱ्यावर झाडतोय आणि शिंग एका कुत्र्याच्या बरगडीत घुसवलंय. त्या कुत्र्याबद्दल पुढे सांगतो.

पाचव्याचे दोनच तुकडे उरलेत. बळाने हाती न लागणारा हा प्राणी कुमारिकेपुढे आपणहून मान टाकतो, ही जुनी कथा. तीच इथे आहे, पण ती कुमारिका जवळजवळ नाहीशी झालीय. तिची बाही आणि मानेवर ठेवलेली बोटं एवढंच शिल्लक आहे. शेजारची दासी मात्र शाबूत आहे आणि ती शिकाऱ्याला इशारा करतेय. तिचा चेहरा बघून माझी काकू म्हणाली, "ही घरभेदी."

सहाव्यात एका कोपऱ्यात वध आणि पुढे घोड्यावर आडवं टाकलेलं कलेवर. राजवाड्याबाहेर मालक-मालकीण बघायला उभे. आणि सातव्यात तोच एकशिंगी जिवंत! गोल कुंपणात, डाळिंबाच्या झाडाला साखळीने बांधलेला, निवांत बसलेला.

मेलेला जिवंत कसा झाला?

एक अर्थ धार्मिक: एकशिंगी म्हणजे ख्रिस्त, कुमारिका म्हणजे मेरी, मरण आणि पुनरुत्थान. चौथ्या चित्रात डावीकडे शिंग फुंकणाऱ्या शिकाऱ्याच्या म्यानावर 'आवे रेजिना' अशी मेरीला उद्देशून अक्षरंही विणलेली आहेत. दुसरा अर्थ प्रेमाचा: प्रियकर फसतो, जखमी होतो, शेवटी गळ्यात पट्टा घालून खुशीत बसतो. तिसरं म्हणजे सातवं चित्र मुळात या मालिकेतलं नसून स्वतंत्रच असावं, असंही अभ्यासक म्हणतात. पहिलं आणि सातवं चित्र मांडणीत बाकीच्यांपेक्षा वेगळी आहेत हे साध्या डोळ्यांनाही दिसतं.

त्या काळच्या माणसाला दोन अर्थांपैकी एक निवडावा लागत नसावा, असं मला वाटतं. आपल्याकडे विराणी ऐकताना विरहिणी गोपी आहे की जीव, असं कोण विचारतं?

कुत्र्यांचं तुम्हाला एवढं काय?

कारण या अख्ख्या प्रकरणातला जो नायक आहे तो कोणीच कधी पाहिला नव्हता. कुत्री मात्र विणकरांनी आणि चित्रकाराने रोज पाहिली होती. एकशिंग्याचं तोंड बघा, छान आहे, पण चिन्हासारखं. कुत्र्यांची तोंडं बघा: एकाची जीभ बाहेर, एकाच्या कपाळाला आठी, एक मालकाकडे वळून बघतोय. पट्टे, दोऱ्या, फासळ्या, पंजे, सगळं माहितीतलं.

आणि ती सगळी एकाच कामाची नाहीत. मध्ययुगीन फ्रेंच शिकारीत दोन मोठे प्रकार होते. वासावर चालणारी लोंबत्या कानांची कुत्री माग काढत. नजरेवर चालणारी ग्रेहाउंडसारखी सडपातळ कुत्री जनावर दिसलं की सुटत. त्यातही वासाच्या कुत्र्यांमधला एक खास, त्याला 'लिमिए' म्हणत. तो पहाटे एका माणसाबरोबर लांब दोरीवर, न भुंकता रानात जायचा आणि जनावर कुठे बसलंय ते शोधून ठेवायचा. मग सगळे जमत, बेत ठरे आणि वाटेत टप्प्याटप्प्याने ताज्या दमाची कुत्री उभी करत. धावाधाव, मग कोंडी, मग भाला. शेवटी कुत्र्यांचा वाटा: रक्तात भिजवलेला पाव आणि आतडी, तेही ठरलेल्या रीतीने.

हे सगळं आपल्याला इतकं नेमकं कळतं त्याचं मोठं श्रेय फ्वा परगण्याच्या गास्तों फेबूसला. पिरेनीजच्या पायथ्याचा हा सरदार. १३८७ ते १३८९ या काळात त्याने शिकारीवर एक ग्रंथ सांगून लिहून घेतला. त्यात कुत्र्यांच्या खोलीत पेंढा कसा टाकायचा, ऊन यायला अंगणाकडे दार कसं हवं, पायांची निगा कशी राखायची हे सगळं आहे. कुत्री भांडू नयेत म्हणून त्यांच्याजवळ रात्रंदिवस एक पोर ठेवावं, असंही तो सांगतो. टॅपेस्ट्रीत दोरी धरलेले नोकर दिसतात, त्यांचं बालपण असंच पेंढ्यात गेलं असेल, असं माझ्या दर वेळी मनात येतं.

चित्रांचा क्रमही बघा. माग, जमणं, पाठलाग, कोंडी, वध, घरी आणणं. म्हणजे हरणाच्या शिकारीची जी शिस्त होती तीच जशीच्या तशी एका अस्तित्वात नसलेल्या प्राण्याला लावलीय.

ती सडपातळ कुत्री आपल्या कारवानीसारखी दिसतात. नातं आहे का?

लातूर-नांदेडकडचे पाहुणे हे हमखास विचारतात, आणि दिसायला खरंच तशी आहेत: लांबट तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट. नातं लावण्याच्या भानगडीत मी पडत नाही. नजरेवर धावून सशा-हरणाला गाठणाऱ्या कुत्र्याचं अंग जिथे तिथे असंच घडतं, मग तो मराठवाड्याचा कारवानी असो, मुधोळचा असो की फ्रान्सचा ग्रेहाउंड. एका पाहुण्याचे सासरे मात्र चौथ्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या वडलांच्या कुत्र्याला रानडुकराने अस्साच चिरला होता." त्यांना धर्माचा आणि प्रेमाचा अर्थ मी त्या दिवशी सांगितलाच नाही.

तो शिंग लागलेला कुत्रा...

हो, तो. चौथ्या चित्रात खाली. शिंग अंगात शिरलंय, रक्त येतंय आणि कुत्र्याचं तोंड उघडं आहे. लोकरीने कळ दाखवायची म्हणजे काय करायचं? काही गडद धागे, काही फिकट, एकमेकांत दात घातल्यासारखे. विणकर सावली दाखवायला असंच करत, दोन रंगांची टोकं कंगव्यासारखी एकमेकांत घुसवत. दोन पावलं मागे या, मांस दिसतं. पुढे जा, नुसती लोकर.

आणि पाचव्यातला विसरू नका. एकशिंगी कुमारिकेकडे इतका भान हरपून बघतोय की त्याच्या पाठीवरच्या जखमेला एक कुत्रा तोंड लावतोय तरी त्याला पत्ता नाही.

एकशिंगी खरंच असतो असं त्यांना वाटायचं?

वाटायचं, आणि तो भारतात असतो असं वाटायचं! यात आपला हात आहे, निदान नावापुरता. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास क्टेसियस नावाचा ग्रीक वैद्य इराणच्या दरबारी होता. भारतात तो कधी आला नाही. ऐकीव माहितीवर त्याने लिहिलं की भारतात घोड्याएवढी रानगाढवं असतात, अंग पांढरं, डोकं तांबडं, डोळे निळे, आणि कपाळावर दीड हात लांबीचं शिंग: बुडाशी पांढरं, मध्ये काळं, टोकाला लालभडक. त्या शिंगाच्या पेल्यातून प्यायलं की विष बाधत नाही. कारंज्याच्या चित्रातल्या विष उतरवण्याचं मूळ बहुधा इथलं.

यामागे गेंडा असणार हे उघड आहे. गेंडा आता आसामकडे उरला, पण एके काळी तो आपल्याही माणसांच्या ओळखीचा होता. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेल्या ताम्रमूर्तींत हत्ती आणि रेड्याबरोबर गेंडाही आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर सगळ्यांत जास्त वेळा दिसणारा प्राणीही एकाच शिंगाचा आहे, बैलासारखा. आणि बाईच्या मोहाने रानातून बाहेर येणारा एकशिंगी म्हटलं की आपल्याला रामायणातला ऋष्यशृंग आठवतोच. डोक्यावर शिंग असलेला तो ऋषिपुत्र, ज्याला अंगदेशात पाऊस पडावा म्हणून गणिका पाठवून आणलं होतं. दोन कथांची तुलना अभ्यासकांनी केली आहे. कुठली कुठून कुठे गेली हे सांगणं मात्र कठीण.

खोलीत उभं केलेलं ते लांब शिंग कसलं?

नारव्हालचा दात. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातला हा देवमाशाचा भाऊबंद. नराचा एक दात पीळ घेत कित्येक फूट वाढतो. युरोपातले राजे आणि चर्च हेच दात एकशिंग्याचं शिंग म्हणून सोन्याच्या भावाने घेत. टॅपेस्ट्रीतल्या शिंगाचा पीळ आणि या दाताचा पीळ ताडून बघा, नमुना कुठून घेतला ते लगेच कळेल.

शेवटच्या चित्रात अंगावर रक्त आहे का?

माझ्या मावशीने या प्रश्नाचं उत्तर मी तोंड उघडायच्या आत दिलं: "रक्त कुठलं, डाळिंब ठिबकलंय. आणि हा डाग निघत नाही, सांगून ठेवते." बरोबर. वरच्या झाडाची डाळिंबं पिकून फुटलीत आणि रस पांढऱ्या अंगावर पडलाय. शिकारीच्या जखमांची आठवण त्यात आहेच, पण डाळिंब हे तिकडेही लेकुरवाळेपणाचं आणि लग्नाचं फळ. कुंपण बघा किती बुटकं आहे. उडी मारली तर बाहेर. साखळीही नावापुरतीच आहे. पायथ्याच्या फुलांत उजवीकडे एक छोटा बेडूक लपलाय, मुलांना तो शोधायला लावा, पंधरा मिनिटं शांतता मिळते.

ही एवढी फुलं कल्पनेतली?

नाही, आणि हीच मजा. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनच्या दोन वनस्पतितज्ज्ञांनी १९४१ मध्ये या टॅपेस्ट्रींतल्या १०१ प्रकारच्या झाडाझुडपांपैकी ८५ ओळखून काढली. कारंज्याजवळ सेज, झेंडूसारखा दिसणारा कॅलेंड्युला आणि संत्रं आहे. विषावर उतारा म्हणून या तिन्हींवर लोकांचा भरवसा होता. म्हणजे प्राण्याचं शिंग जे करतंय तेच पायाशी उगवलेली पाल्याची औषधंही करतायत.

रंग इतके टिकले कसे? कुठले रंग?

तीनच वनस्पती. पिवळ्यासाठी वेल्ड, तांबड्यासाठी मॅडर, म्हणजे आपल्या मंजिष्ठेची युरोपातली बहीण, आणि निळ्यासाठी वोड. वोड ही वेगळी वनस्पती, पण तिच्यातला रंग तोच जो आपल्या नीळीत असतो. हिरवा हवा तर निळ्यावर पिवळा चढवायचा. आता पिवळा उन्हाला सगळ्यांत हळवा. म्हणून जुन्या टॅपेस्ट्रींत झाडं निळसर दिसतात: हिरवाईतला पिवळा उडून गेलेला असतो. यांत तसं कमी झालंय, याचं एक कारण म्हणजे रंग धाग्यात पक्का करणाऱ्या तुरटीवरची रंगाऱ्यांची पकड. लोकरीबरोबर रेशीम आहे, आणि रेशमाभोवती चंदेरी-सोनेरी पत्रा गुंडाळलेला धागाही आहे. आपण त्याला जर म्हणतो.

मागची बाजू कशी आहे?

हा प्रश्न आजवर एकीनेच विचारला. बायकोच्या लांबच्या आत्या, येवल्याच्या, घरात पिढ्यान्‌पिढ्या माग. खोलीत शिरल्या तेव्हापासून हात पाठीमागे बांधून चालत होत्या. "नाहीतर हात जाईल आपोआप," म्हणाल्या. सगळे पुढून बघत होते, आत्या भिंत आणि कापड यांच्यातल्या फटीत डोकावायचा प्रयत्न करत होत्या. पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखा दिसतो का यावरून त्या माणसाची जात ओळखतात, विणकर म्हणून.

तर उत्तर असं. मागे अस्तर असतं. १९९८ मध्ये खोलीच्या डागडुजीसाठी टॅपेस्ट्री उतरवल्या, अस्तर काढलं आणि मागचे रंग दिसले. पाचशे वर्षं उजेड न लागल्याने ते पुढच्यापेक्षा कितीतरी ताजे होते. मग त्या स्वच्छ पाण्यात भिजवून धुतल्या आणि पुढून-मागून तुकड्यातुकड्याने डिजिटल फोटो काढले.

इथे गंमत झाली. तुकडे जुळवून अख्खं चित्र करायला गेले तर जुळेचनात. शेवटी डेव्हिड आणि ग्रेगरी चुडनोव्हस्की या गणिती भावांकडे काम गेलं. हे दोघे वर्तुळाच्या गणितातल्या पाय (π) या संख्येचे अब्जावधी अंक मोजण्यासाठी नावाजलेले. त्यांना कळलं की फोटो चुकीचे नाहीत, कापडच हललंय. शतकानुशतकं टांगलेली लोकर जमिनीवर सपाट पसरल्यावर सैलावली होती आणि एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत धागे जागचे सरकत होते. प्रत्येक धागा कुठून कुठे गेला याचं गणित मांडून त्यांनी सातव्या टॅपेस्ट्रीचं चित्र सांधून दिलं. हे आत्यांना सांगितलं तर त्यांना काडीचं नवल वाटलं नाही. "मागावरून उतरलं की कापड अंग सोडतंच," एवढंच म्हणाल्या.

कोणासाठी बनवल्या होत्या?

ठाऊक नाही, आणि हे गुपित प्रत्येक टॅपेस्ट्रीवर लिहून ठेवलंय! झाडांच्या फांद्यांवर ए आणि उलटा ई अशी दोन अक्षरं गोंड्याच्या दोरीने बांधलेली ठिकठिकाणी दिसतात. बहुधा नवराबायकोची. एके काळी फ्रान्सची राणी अ‍ॅन ऑफ ब्रिटनी हिच्या १४९९ च्या लग्नाशी त्यांचा संबंध जोडला होता, पण ते आता फारसं कोणी धरत नाही. आराखडा पॅरिसमध्ये झाला आणि विणकाम आजच्या बेल्जियमच्या भागात, बहुधा ब्रुसेल्सला, एवढं बऱ्यापैकी ठरलेलं आहे. मालकाचं नाव कागदावर पहिल्यांदा येतं ते १६८० मध्ये: पॅरिसचं ला रोशफुको घराणं.

बटाट्यांवर घातल्या होत्या हे खरं का?

खरं. पुढे त्या या घराण्याच्या व्हेर्तेयच्या गढीत होत्या. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९३ मध्ये, गढी लुटली आणि टॅपेस्ट्री गावात गेल्या. थंडीत बटाटे गारठू नयेत, फळझाडांना हिमाचा फटका बसू नये म्हणून शेतकऱ्यांनी त्या पांघरल्या. १८५० च्या दशकात घराण्याने शोध घेऊन त्या परत मिळवल्या. काहींच्या वरच्या कडेचा आकाशाचा भाग गेलेला होता तो नंतर दुरुस्त केला. पाचव्याचे तुकडे तुकडे झाले ते झालेच.

लोक हे ऐकून हळहळतात. मला त्या शेतकऱ्यांचा राग येत नाही. उपाशी गावात जाड, उबदार लोकरीचं एवढं मोठं पांघरूण आलं तर माणूस बटाटेच झाकणार. आपल्याकडे जुन्या पैठण्या जाळून त्यातली चांदी काढायचे, त्यापेक्षा हे बरंच म्हणायचं.

किंमत काय असेल?

आजची सांगण्यात अर्थ नाही. १९२२ मध्ये जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी सहा टॅपेस्ट्री दहा लाख डॉलरहून अधिक देऊन घेतल्या आणि न्यूयॉर्कच्या घरात लावल्या. १९३७ मध्ये त्या मेटला दिल्या. पाचव्याचे दोन तुकडे १९३८ मध्ये येऊन मिळाले आणि त्याच वर्षी क्लॉइस्टर्स उघडलं. हडसनपलीकडचं दृश्य बिघडू नये म्हणून रॉकफेलरांनी न्यूजर्सीच्या कड्यांवरची जमीनही राखून ठेवली. तो हिरवा कडा खिडकीतून दिसला की मी पाहुण्यांना ऐटीत सांगतो: हे आमचं गाव.

पॅरिसमध्ये पाहिलेलं ते हेच का?

नाही. ते क्लूनी संग्रहालयातलं 'द लेडी अँड द युनिकॉर्न'. तांबड्या जमिनीच्या सहा टॅपेस्ट्री, त्यात शिकार नाही. काळ जवळजवळ तोच. गोंधळ सगळ्यांचाच होतो.

आज असं कोणी विणू शकेल का?

विणलंय. स्कॉटलंडच्या राजाच्या १५३९ च्या यादीत 'एकशिंग्याची कथा' असलेला सहा टॅपेस्ट्रींचा संच नोंदला होता. तो गेला. त्याची भरपाई म्हणून स्टर्लिंग किल्ल्यासाठी न्यूयॉर्कच्या संचावरून नवा संच हाताने विणला. २००१ ला काम सुरू झालं आणि शेवटची टॅपेस्ट्री मागावरून उतरली २०१४ मध्ये. अठरा विणकर आणि धागे मूळच्यापेक्षा जाड घेतलेले, तरी एवढा वेळ. मूळ विणकरांच्या सेंटिमीटरमधल्या ताण्याची बरोबरी करायची ठरवली असती तर अजून माग चालूच असते.

कसं जायचं? किती वेळ ठेवायचा?

सबवेच्या ए गाडीने १९०वा स्ट्रीट, तिथे लिफ्टने वर, मग बागेतून दहा मिनिटं चाल. बुधवारी बंद. न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांना तिकिटाचं काय द्यायचं ते त्यांच्या मर्जीवर. आम्ही नदीपलीकडचे, आम्हाला पूर्ण. फ्लॅश न वापरता फोटो काढता येतात. डबा आत खाता येत नाही, बाहेर बागेत बाक भरपूर आहेत, पोळीभाजी तिथेच सोडा. निवांत बघायचं तर अडीच-तीन तास ठेवा आणि सातवं चित्र शेवटी बघा. सगळे आधी त्याच्याकडेच धावतात, कारण कपांवर वगैरे छापलेलं असतं ते हेच.

एकूण कुत्री किती आहेत?

पुतणीने गेल्या खेपेला हाच धंदा केला. पहिल्यांदा मोजली तेव्हा एक आकडा आला, परत आली तेव्हा दुसरा. एकाच्या आड एक उभी आहेत, काहींचं नुसतं शेपूट दिसतं, पाण्यातल्याचं फक्त डोकं. मग तिने पाय मोजून चारने भागायचं ठरवलं आणि तिसऱ्या चित्रापाशी पाच पाय उरले.